सासूबाई आत होत्या

आमच्या चर्चच्या मंडळीत देवाच्या कामाची साक्ष द्यायला उठणाऱ्यांत माझा नंबर नेहमी पहिला. माझी प्रार्थना, माझा विश्वास, माझी सेवा, असं एकदा सुरू झालं की पाळकांना घड्याळाकडे बघावं लागायचं. ही एकच साक्ष मला द्यायची नव्हती.

२०१९च्या सुरुवातीला तलासरी-डहाणूकडे भूकंपाचे धक्के थांबायचं नाव घेत नव्हते. वेवजीतल्या आमच्या घराच्या भिंतींना तडे गेले होते. सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलेलं, त्या आतल्या खोलीत खाटेवर पडून असायच्या. नवरा सकाळीच उंबरगावला कामावर जायचा, मग दिवसभर आम्ही दोघीच. प्रभू, माझं घर सांभाळ, एवढंच मी रोज मागायचे. त्यात शेजारपाजार नव्हता. आता वाटतं, सासूबाईही नव्हत्या.

एका दुपारी चिखल्याची सुकी मासळी विकणारी मावशी आली. उन्हाने दमली होती, पडवीत टेकू का म्हणाली. मी नुकतीच फरशी पुसली होती, म्हणून तिला बाहेर पायरीवरच बसवलं. बोंबील घ्यायला पातेलं आणायला आत गेले आणि जमिनीतून गडगडाट झाला. मांडणीवरची भांडी खाली आली. मी टेबलावरचं बायबल छातीशी धरलं आणि थेट अंगणात पळाले.

शेजारी जमले. कुणीतरी म्हणालं, बघा, हिने आधी देवाचं पुस्तक वाचवलं. सांगायला लाज वाटते, पण मला ते ऐकून बरं वाटलं.

मावशीने मात्र माझ्याकडे पाहून विचारलं, "बाय, तुजी म्हातारी कुठं हाय?"

ती उत्तरासाठी थांबलीच नाही. कौलं अजून घसरत होती, तरी ती आत शिरली आणि सासूबाईंना दोन्ही हातांवर उचलून बाहेर घेऊन आली. त्यांना सावलीत निजवलं, पदराने त्यांच्या तोंडावरची धूळ पुसली आणि मग पायरीवर सांडलेले आपले बोंबील वेचायला बसली.

रविवारी पाळकांनी कौतुकाने माझं नाव घेतलं. बायबल वाचवल्याची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. उभी राहिले तेव्हा तीच गोष्ट माझ्या जिभेवर होती. पण समोर मला मावशीचा पदर दिसत राहिला. मी सगळं सांगून टाकलं, पुसलेल्या फरशीसकट. घरी येऊन सासूबाईंचे पाय धरले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "तू येतेयस असंच वाटलं गं, म्हणून हाक मारली नाही."

त्या दिवसापासून माझी प्रार्थना बदलली. प्रभू, मला माझ्यातून सोडव, एवढंच मागते. मावशी आता पडवीतच बसते, आधी चहा घेते, मग टोपली उघडते. प्रभूने त्या दुपारी तिला माझ्या दारी पाठवलं, याबद्दल त्याचे किती आभार मानू?

महिन्याभराने मी अंगणात कपडे वाळत घालत असताना पुन्हा मोठा धक्का बसला. भीती तेवढीच होती, पण पाय घराकडे वळले. ते बळ माझं नव्हतं. आतल्या खोलीत पोचले, तर सासूबाई खाटेवर हात पुढे करूनच बसल्या होत्या.