पहिलीच्या वर्गातले माझे पाच दिवस

मुलीला साध्या शाळेत पहिलीला घातलं, तेव्हा मी चाकणच्या कंपनीतून आठवडाभराची रजा काढली. मुलगी स्वमग्न आहे. फार थोडं बोलते आणि मोठा आवाज झाला की कान झाकून घेते. दिघीत आमच्या घराजवळची शाळा तिला घ्यायला तयार झाली, फक्त सुरुवातीला घरातलं कुणीतरी सोबत बसावं, असं मुख्याध्यापिकांनी सुचवलं. बायको म्हणाली, मी बसते. मी म्हणालो, छे, हे माझं काम. कंपनीत मी क्वालिटीला आहे. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो. जाता जाता शाळाही तपासून टाकू, असा माझा बेत होता.

पहिलीचा बाक माझ्या मापाचा नव्हता. गुडघे छातीशी घेऊन मुलीशेजारी बसलो. मागच्या मुलानं लगेच तक्रार केली की काकांमुळं फळा दिसत नाही. बाईंनी मुलीला नाव विचारलं, ते मी सांगितलं. फळ्यावरचं अक्षर कोणतं, तेही मीच सांगितलं आणि बरोबर आलं म्हणून खूश झालो. तिची पेन्सिल मी तासायचो, डबा मी उघडायचो. शेजारची मुलगी बोलायला आली, तर तिला फार कळत नाही गं, असं सांगून मीच तिला परत पाठवायचो. तेही माझ्या मुलीच्या देखत. आणि संध्याकाळी बायकोला ऐकवायचो, माझ्यावाचून तिचं पानही हलत नाही.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी मला व्हरांड्यात बोलावलं. कौतुक करणार असं वाटून मी शर्ट नीट खोचला.

"तुमची मुलगी वर्गात छान बसते हो," त्या म्हणाल्या. "तुम्हीच बसत नाही. उद्या बाहेर थांबाल का?"

आजवर माल मी परत पाठवत आलो होतो. मला कुणी परत पाठवलं नव्हतं.

पाचव्या दिवशी व्हरांड्यातून पाहत होतो. घंटा झाली आणि मुलगी कान झाकून बाकाखाली शिरली. मी दारापर्यंत धावलो. बाईंनी हातानंच थांबवलं. त्या शिकवत राहिल्या, फक्त आवाज हळू केला. मी पिटाळलेली ती शेजारची मुलगीही बाकाखाली गेली आणि काही न बोलता बसून राहिली. थोड्या वेळानं दोघी वर आल्या.

माझे डोळे भरून आले, असं लिहायला बरं वाटलं असतं. खरं तर मला वाईट वाटलं. मी नसताना तिचं चालत होतं.

आता ती तिसरीत आहे. परीक्षा वेगळ्या खोलीत देते, काही दिवशी शाळेतून अर्ध्यातच घरी येते. पालकसभेला आम्ही दोघंही जातो. बाई बोलतात बायकोशी.