बाहेरच्या बाजूची शिवण

तीस वर्षं शिवणकाम करणाऱ्या मावशींना असं गिऱ्हाईक कधी भेटलं नव्हतं. एक बाई आपल्या चाळिशीतल्या भावाला घेऊन आली आणि म्हणाली, "याच्या शर्टाची शिवण बाहेरून घ्या. आत काही टोचलं की हा शर्ट काढून फेकतो. ऑटिझम आहे त्याला."

"अहो, लोक हसतील मला! उलटा शर्ट कोण शिवतं?"

"मावशी, घालणार तो आहे."

सवयीने मावशींनी दोनदा सरळच शिवला आणि दोनदा उसवला; तिसऱ्यांदा कुठे शिवण बाहेरून आली. आपण बरोबर करतोय की चूक, हेच त्यांना कळेना.

चार दिवसांनी दोघं आली. भावाने शर्ट घातला, आतून हात फिरवला. मावशींकडे त्याने पाहिलंही नाही. मावशी दुसरं काम शिवायला बसल्या, तसा तो स्टुलावर बसून मशीनची वरखाली होणारी सुई बघत राहिला.

"आवडला का त्याला?" मावशींनी हळूच विचारलं.

बहिणीचे डोळे भरून आले होते. "अजून काढला नाही ना!"

मावशी आणखीच गोंधळल्या. यावर हसायचं की रडायचं? मशीन थांबलं तर तो उठून जाईल, असं वाटून त्या नुसत्याच शिवत राहिल्या.