कॉम्प्युटरला लांबून नमस्कार

वहिनींच्या कुंकवाचा काही दोष नव्हता. दोष माझा होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. धसईला त्यांचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा काढायचा, दाखल्याचे अर्ज भरायचे, म्हाताऱ्या माणसांचा अंगठा घेऊन पेन्शन काढून द्यायची. तिथला कॉम्प्युटर मीच जोडून दिला. शहापूरला माझ्या ऑफिसात काही बिघडलं की मला हाक मारतात, त्यामुळे घरात माझा मान मोठा. त्या दिवशी विंडोज टाकून झालं, चिपसेटचा ड्रायव्हर, म्हणजे आतल्या भागांची विंडोजशी ओळख करून देणारा प्रोग्रॅम, तेवढा राहिला. तो मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून उतरवायचा होता. रेंज येत-जात होती आणि मुरबाडची शेवटची एसटी सुटायच्या बेतात होती. पडद्यावर ड्रायव्हर नसल्याची पिवळी उद्गारचिन्हं दिसत होती. मी ती खिडकी बंद केली आणि म्हटलं, झालं काम.

दसऱ्याच्या मुहूर्तावर दुकानात अंगठ्याचं नवं यंत्र आलं. वहिनींनी कोयता, नांगर, पॉवर टिलर यांच्या पंक्तीत कॉम्प्युटरचीही पूजा केली. कॅबिनेटला हळद-कुंकू, वर अक्षता, झेंडूचा हार. दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं आणि यंत्राने तमाशा मांडला. जोडलं की कॉम्प्युटर त्याला ओळखायचा, अंगठा टेकला की विसरायचा. एक आजी म्हणाल्या, भात लावून लावून अंगठाच झिजलाय, त्याला काय दिसणार. दुकान हसलं, पण आजींना पेन्शनसाठी मुरबाडची गाडी धरावी लागली.

वहिनींचा फोन आला तेव्हा ती पिवळी चिन्हं माझ्या डोळ्यांपुढे नाचली.

"भावोजी, माझं काय चुकलं का ओ?"

"कुंकू आत गेलं असेल," मी म्हणालो.

तोंडून निघालं ते निघालं. भावाला तर आयतं सापडलं. कॉम्प्युटरला सवाष्ण समजली, आता ओटी भर त्याची, म्हणून त्याने महिनाभर त्यांना छळलं. त्या हसायच्या. पण ओल्या फडक्याने कॅबिनेट पुसताना त्याची माफी मागत होत्या, हे भावानेच मला हसत सांगितलं. मला हसता आलं नाही.

वहिनींच्या फोननंतरच्याच रविवारी ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन मी धसई गाठली. वहिनींना चहा टाकायला पाठवलं, कॅबिनेट उघडून ब्रश फिरवण्याचं सोंग केलं आणि ड्रायव्हर टाकला. कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला. पिवळी चिन्हं गेली. यंत्र गपगुमान अंगठे घेऊ लागलं. "निघालं कुंकू," मी जाहीर केलं आणि चहाबरोबर खोबऱ्याची वडीही खाल्ली.

तेव्हापासून दसऱ्याला वहिनी हार भिंतीला लावतात आणि पूजेचं ताट दाराशी ठेवतात. गिऱ्हाइकांना बजावतात, "लांबूनच पाया पडा, याला कुंकू चालत नाय." आता टोकावड्याच्या दुकानांतही कॉम्प्युटरला लांबून नमस्कार करतात. मी एक रीत सुरू केली, असं म्हणायला हरकत नाही.

परवा वहिनींचा पुन्हा फोन. पडद्यावर चिपसेटचं अपडेट आलंय, करू का? मी म्हटलं, करा, मधेच बंद करू नका. मी पुढचं सांगायच्या आधीच त्यांनी सगळं उरकलं आणि विचारलं, चिपसेट म्हणजे काय. मी सांगितलं, घरात जशा तुम्ही. प्रत्येकाचा निरोप तुमच्याकडूनच पुढे जातो. ड्रायव्हर नसला की आत कोण कुणाचं, तेच विंडोजला कळत नाही, मग यंत्रं जोडलेली असून सुटतात.

वहिनींनी लगेच धागा पकडला.

"म्हंजे अंगठ्याचं यंत्र सुटायचं तसं?"

"हो."

"मग त्यात कुंकवाचं काय?"

"वहिनी, रेंज जातेय," असं म्हणून मी फोन ठेवला. रेंज चांगली होती.

दसरा जवळ आलाय. भावासमोर आणि गिऱ्हाइकांसमोर खरं काय ते सांगायचं आणि वहिनी कॅबिनेटला कुंकू लावतील तेव्हा ताट मी धरायचं, एवढं मी त्यांचं देणं लागतो.