गोठ्यात बसवलेला घट

माझ्या चुलतीला घरात अडगळ दिसायची ती फक्त आमच्या आईची. स्वतःची बूड गेलेली कळशी, दांडा मोडलेली छत्री, पोरांचे फाटके सदरे हे सगळं तिच्या लेखी उपयोगाचं सामान होतं.

घट बसायच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. म्हणजे घरात चिंधीसुद्धा ठेवायची नाही. भांडी, उतरंडी, पेट्या, वाकळा, सगळं अंगणात. मग भिंतींना पांढरी माती, जमिनीला शेण, वाकळा ओढ्यावर, आणि घर वाळलं की सामान परत आत. मेख आहे ती या परत जाण्यात. बाहेर सगळ्यांचंच येतं. आत कुणाचं जायचं, हे जिच्या कमरेला किल्ल्या असतात ती ठरवते.

त्या साली मी नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्या भावकीत त्याआधी सातवीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो, कारण ते चुलत्यांच्या जिवावर झालं नाही. मी लहान असतानाच वडील वारले आणि कारभार त्यांच्या धाकट्या भावाकडं गेला. मी शिकलो तो हैदराबादेत, दुसऱ्यांची पोरं शिकवून. निजाम गेला, राज्य बदललं, आमच्या ओसरीवरचं राज्य मात्र होतं तेच राहिलं. मी तालुक्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो, आणि नेमका दसरा काढायच्या दिवशी ईट गावाला मोटारीतून उतरून पायी घरी पोचलो.

अंगणात दोन ढीग होते. मोठा ढीग सगळ्या घराचा. दुसरा, गोठ्याच्या दाराशी, एकट्या आईचा: तिची उतरंड, माहेराहून आलेली लाकडी पेटी, वडिलांचं घोंगडं. आई शेजारी वाकळ पिळत होती.

"हे इकडं का?" मी विचारलं.

चुलती भिंतीला पोतेरं मारत होती. मागं न बघताच म्हणाली, "आतल्या खोलीत कसर लागली वो. जरा हवेला ठिवलंय."

"गोठ्यात हवा जास्त असती व्हय?"

"मास्तर झालाव न्हवं का, आता हवा बी तुमीच मोजा."

आतली खोली आईची. लग्न होऊन ती त्याच खोलीत आली, माझा जन्मही तिथलाच. मी डोकावलो तर खोली पांढरीफेक, आणि कोनाड्यात चुलतीचा फणी-करंड्याचा डबा. मला कळायला वेळ लागला नाही. दिवाळीनंतर चुलतभावाचं लग्न होतं. सुनेला खोली हवी होती. तोंडानं मागितली असती तर आईनं दिलीही असती. पण मागायचं म्हणजे ती आईची आहे हे कबूल करायचं. त्यापेक्षा शेणामातीच्या निमित्तानं हुसकावणं सोपं.

चुलते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"तात्या, मायचं सामान आत कधी जाणार?"

"बायकांचं काम हाय ते. तू कशाला तोंड घालतो?"

"खोली बायकांची न्हाय. माझ्या वडलांची हाय."

अडकित्ता थांबला. "चार बुकं वाचली अन् मला वाटणी शिकवतो व्हय? माझ्या घरात गुमान ऱ्हायचं. न्हाय जमत तर वाट मोकळी हाय."

"कुणाच्या घरात?"

"माझ्या!"

आईनं हे ऐकलं. जन्मभर दिरासमोर आवाज न चढवलेली बाई. तेव्हाही चढवला नाही. वाकळ बाजूला ठेवली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "कुंभाराकडं जा. एक घट आण. अन् येताना आपल्या वरल्या रानातली माती."

चुलतीचा हात भिंतीवरच राहिला. आमच्याकडं एका घरात एकच घट बसतो. दुसरा बसला की घर फुटलं असं सगळं गाव समजतं, वेगळं सांगावं लागत नाही. दुसऱ्याची खोली रिकामी करायच्या नादात चुलती एवढंच विसरली होती की घराबाहेर काढलेल्या माणसाला आपला घट आपण बसवायला कुणी अडवू शकत नाही.

"बाई, असं वंगाळ बोलू नगा," ती म्हणाली. "वाळलं की ठिवू की आत."

"वाळू दे निवांत. मला घाई न्हाय."

बैलं बाहेर लिंबाखाली बांधली आणि आम्ही मायलेकांनी गोठा सारवून घेतला. दुसऱ्या दिवशी मी तिथंच घट बसवला. चुलत्यांचा आत, आमचा गोठ्यात. दुपारपर्यंत भावकीतल्या सगळ्या बायका दिव्यात तेल घालायच्या निमित्तानं बघून गेल्या. एकीनं चुलतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आक्का, हितं कशाला वो देवीला?"

"माझं सामान हितं हाय," आई म्हणाली, "मग देवी कुठं जाईल?"

संध्याकाळी चुलते आले. "उचल तो घट. खोलीत ठेव, कुठं बी ठेव. गावात तोंड दाखवायची सोय ठिवली न्हायस."

"बसलेला घट हलवत न्हाईत, तात्या. एवढं कळायला बी.ए. व्हावं लागत न्हाय."

त्यांनी हात उगारला नाही. उगारला असता तर बरं झालं असतं, मी तयार होतो.

दसऱ्याला ते सोनं द्यायला आले नाहीत, मीही गेलो नाही. मग भावकी बसली, वाटणी झाली, अंगणातून भिंत गेली. आतली खोली आईकडं आली. सुनेसाठी चुलत्यांनी ओसरीला कूड घालून खोली केली. एवढ्याशा सामानावरून शिकलेल्यानं घर फोडलं, असं लोक अजून म्हणतात. फोडलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा फोडीन.

आई त्या खोलीत, स्वतःच्या कुलपाआड, मरेपर्यंत राहिली. चुलती त्यानंतर तिच्याशी एक शब्द बोलली नाही. ती सगळी वर्षं लई सुखाची गेली, असं आईनंच मला सांगितलं.