बाबांचा नारळ

आमच्या भांडुपच्या चाळीत दारं दिवसभर उघडी, त्यामुळे किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. मी फारशी बोलत नाही, नुसती बघते. बाबा म्हणतात, "आमच्या घरात सीआयडी आहे!" गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं. त्यांना रिक्षात बसवून नेलं, तेव्हाही मी नुसती बघत होते. रक्तात कोलेस्टेरॉल जास्त निघालं आणि तेव्हापासून सीआयडीला उसंत नाही.

*

डॉक्टरांनी सांगितलं, खोबरं बंद, मटण बंद, अंड्याचा बलक बंद, डालडा बंद. तेल करडईचं, तेही बेतानं.

बाबा कोकणातले. हिरमुसून म्हणाले, "मग राहिलं काय, डॉक्टर?"

"तुम्ही!"

*

शेजारच्या शेवंतामावशींना हे पटेचना. "ह्या काडयेच्या अंगात चरबी खंय शिरली?" बाबा वाळलेले दिसले म्हणून त्यांनी वाटीभर सुकं मटण पाठवलं. ते मी खाल्लं. आमच्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत. आईने तीत मुगाची उसळ घालून दिली.

मावशी वाटी घेऊन लगेच दारात हजर. "ह्येच्यात खोबरा खंय गो? आता तू पण आजारी काय?"

*

रोज सकाळी चालायचं, हाही हुकूम. सोबत मी. बाजारात नारळवाल्यापाशी बाबांचे पाय थांबायचे. एक नारळ उचलायचा, कानाशी हलवायचा, परत ठेवायचा.

एक दिवस नारळवाला वैतागला. "काका, घ्यायचा नाही तर हलवता कशाला?"

"बरा आहेस ना, विचारतोय त्याला!"

*

रविवारी मावशी वाटणाचं खोबरं भाजतात. बाबांना त्रास नको म्हणून त्या दार लावून घ्यायला लागल्या. चाळीत भर दुपारी बंद दार! बाबांनी जाऊन कडी वाजवली.

"शेवंताबाय, दार उघडा! वासात कोलेस्टेरॉल नसतं!"

तेव्हापासून दर रविवारी बाबा दुधीची भाजी आणि भाकरी घेऊन मावशींच्या दारासमोर गॅलरीत जेवतात.

*

मागच्या आठवड्यात नवा रिपोर्ट आला. आकडा खाली उतरला होता. डॉक्टर म्हणाले, "छान! असंच चालू ठेवा." आईने त्यातलं 'छान' तेवढंच ऐकलं. रविवारी वर्षभराने पाटा धुतला गेला आणि भरपूर ओलं खोबरं वाटून बांगड्याचं कालवण झालं.

मावशी दारात उभ्या. "खावा हो! एका दिवसान काय होवचा नाय!"

बाबांनी भात कालवला. घास उचलला, डोळे मिटून वास घेतला. डोळे उघडले तेव्हा समोर मी होते. मी नुसती बघत होते.

त्यांनी घास खाली ठेवला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "नारळ जरा जास्तच झालाय. तू खा गं."

"अहो, चाखलंत तरी का?" आई म्हणाली.

बाबा उठले आणि गॅलरीत जाऊन बसले. हात मात्र त्यांनी कितीतरी वेळ धुतला नाही.