मामा आक्का

माणूस समोर आला की आक्का आधी त्याच्या डोळ्याखालची पापणी अंगठ्यानं खाली ओढून बघायच्या. सलाम नंतर. आत फिकं दिसलं की म्हणायच्या, "रगत न्हाय अंगात. गूळ-शेंगदाणे खा." मुंबईच्या विमानतळावर आम्हाला निरोप द्यायला मिशनरी संस्थेचे संचालक सूट घालून आले होते. त्यांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटायच्या आत आक्कांनी त्यांचीही पापणी ओढली. "साहेब, तुमचं बरं हाय," म्हणाल्या. आम्ही सहा जण हसू दाबत माना खाली घालून उभे राहिलो. बघणाऱ्यांना वाटलं, प्रार्थना सुरू झाली.

आक्का मुरुमच्या, आमच्या घरापासून तिसऱ्या घरातल्या. आमच्या भागात मोठ्या बहिणीला आक्का म्हणतात. त्यांना सगळं गावच आक्का म्हणायचं. उमरगा तालुक्यातल्या खेड्यापाड्यांत त्यांनी आयुष्यभर नर्सची नोकरी केली. लग्न केलं नाही. माझा जन्मही त्यांच्याच हातचा, आणि हे त्या चारचौघांत सांगायच्या. "उलटा आलता हा. लई तरास दिला."

त्या रिटायर झाल्या त्याच सुमाराला संस्थेनं आमच्या चर्चच्या मंडळ्यांतल्या तरुणांचा एक गट टांझानियाला पाठवायचं ठरवलं. दोन वर्षं तिथं राहून शुभवर्तमानाचं काम करायचं. मुलींचे आईबाप तयार होईनात. आक्का बरोबर असतील तर पाठवतो, म्हणाले. अशा रीतीनं आक्का आमच्या लीडर झाल्या. जळकोटची रूथ सगळ्यांत लहान. तिला वडील नव्हते. तिच्या आईनं एसटी स्टँडवर लेकीचा हात आक्कांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आक्का, एकच हाय मला." आक्का म्हणाल्या, "मलाबी आता एकच हाय." बाकी आम्ही पाच जण शेजारी उभे होतो, पण त्यांच्या बोलण्याचा आम्हाला राग आला नाही. रूथ होतीच तशी. ती गायला लागली की चहाच्या टपरीवरचे लोकसुद्धा कप खाली ठेवायचे.

मी त्या वेळी चोवीस वर्षांचा. बी.एस्सी. झालेला, इंग्रजी बरं, भाषण चांगलं. खरं सांगायचं तर लीडर मीच व्हायला हवं, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

आम्ही राहिलो ते गाव मोठ्या तळ्याकाठच्या शहरापासून तीन-चार तासांवर होतं. काळी जमीन, कापूस, ज्वारी. आक्का गाडीतून उतरल्या, वाकून ढेकूळ फोडलं आणि म्हणाल्या, "हे तर मुरुमच हाय की रं." त्या भागात हिंदुस्थानी माणूस म्हणजे दुकानदार, एवढंच लोकांना माहीत. पहिला महिनाभर जो भेटेल तो विचारायचा, तुमचं दुकान कुठं टाकणार? मी येशूविषयी पंधरा मिनिटं बोलायचो आणि शेवटी म्हातारा विचारायचा, साखर काय भावानं देणार?

स्वाहिली शिकायला आम्ही पुस्तकं घेऊन बसलो. आक्का बायकांबरोबर पाण्याला गेल्या आणि आमच्याआधी बोलायला लागल्या. "पुस्तक कशाला पाहिजे? दवा म्हंजे दवा. चाय म्हंजे चाय. दुकानाला दुका, खबरीला हबारी. निजामाचा माणूस इथंबी येऊन गेलता काय की." फक्त एका शब्दाला त्या हसून हसून बेजार झाल्या. तिथं आईला मामा म्हणतात. गावातल्या बायका त्यांना मामा आक्का म्हणायला लागल्या. "बघा," त्या आम्हाला म्हणाल्या, "जल्मभर कुणी आई म्हणलं न्हाय. इथं म्हणलं तर त्ये बी मामा."

तिथल्या ज्वारीच्या त्या भाकरी करायच्या. सकाळी उपासना, मग भाकरी, मग काम. आणि आक्कांच्या मते काम म्हणजे काय? विहिरीभोवती कट्टा बांधणं, लेकरांची खरूज धुणं, हगवण लागलेल्या पोरांना मीठ-साखरेचं पाणी पाजणं. ताप आलेल्या माणसाचं बोट टोचून त्याच दिवशी मलेरियाची पट्टी बघायची, हा नियम. पट्ट्यांचा निळा डबा त्या उशाशी ठेवायच्या. आमच्यापैकी कुणी नुसतं शिंकलं तरी बोट पुढं करायला लागायचं. "आदी रगत, मग प्रार्थना," त्या म्हणायच्या. "देव कुटं पळून जात न्हाय."

संस्थेला दर महिन्याला अहवाल लागायचा. सभा किती झाल्या, किती लोकांनी बाप्तिस्मा घेतला. आक्का तो पेननं लिहायच्या आणि मी फोटो काढून पाठवायचो. एका महिन्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "बाप्तिस्मा कुणी घेतला नाही. विहीर झाली." मी म्हणालो, "आक्का, असं चालत नाही." त्या म्हणाल्या, "चालतंय. खरं हाय."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याजवळ राहताना आपण चांगलं काम करतोय असं वाटतच नाही, नुसते हात दुखतात. मला हात दुखवायला यायचं नव्हतं. मला बोलायचं होतं, लोकांनी ऐकायला हवं होतं.

मग नीमाच्या आईची गोष्ट घडली. नीमा दोन वर्षांची, हगवणीनं डोळे पांढरे केले होते. आक्कांनी तिला मांडीवर घेऊन दोन दिवस चमच्याचमच्यानं पाणी पाजलं. पोर वाचली. तिसऱ्या दिवशी तिची आई सगळं घर घेऊन आमच्या दारात आली. आम्हाला बाप्तिस्मा द्या, म्हणाली. आठ माणसं! मी तिथल्या चर्चच्या पाळकांना निरोप धाडला, फोनचं चार्जिंग बघितलं. आक्का बाहेर आल्या, नीमाच्या आईला खाली बसवलं आणि म्हणाल्या, "पोरगी पाण्यानं बरी झाली, बाई. त्या पाण्यात मीठ आनि साखर होती. तेवढ्यासाठी देव बदलू नको. आमचं ऐक, बघ, पटलं तर पावसाळ्यानंतर ये." माणसं निघून गेली.

मी भांडलो. त्यांच्यावर ओरडलो म्हणा ना. त्या शांतपणे म्हणाल्या, "उपकाराची परतफेड म्हणून कुणी देवाकडं यावं, हे त्यालाबी आवडत न्हाय."

त्याच आठवड्यात संस्थेनं आम्हा सहाही जणांना लीडरविषयी गोपनीय अभिप्राय लिहायला सांगितलं. बाकीच्यांनी चार ओळी लिहिल्या. मी चार पानं लिहिली. आक्का सभा घेत नाहीत. आक्का आलेल्या माणसांना परत पाठवतात. आत्मिक कामापेक्षा दवापाण्याकडं त्यांचं लक्ष जास्त आहे. सगळं खरं होतं. शेवटी मी लिहिलं, "त्यांचं वय आणि तब्येत पाहता त्यांना विश्रांतीची गरज वाटते." हे मात्र खोटं होतं. त्या आमच्यात सगळ्यांत धडधाकट होत्या.

महिन्याभरात त्यांना परत बोलावलं आणि मला लीडर केलं. निघताना त्यांनी तो निळा डबा माझ्या हातात दिला. "ताप आला की त्याच दिवशी. उद्या म्हणायचं न्हाय." मी हो म्हणालो. रूथ त्यांच्या पदराला धरून रडत होती. गावातल्या बायका रस्त्यापर्यंत आल्या. गाडी गेल्यावर मी डबा पेटीत ठेवला आणि सभेचं वेळापत्रक काढलं.

पावसाळ्यानंतर आमची तीन दिवसांची मोठी सभा ठरली. संस्थेचे पाहुणे कॅमेरे घेऊन येणार होते. रूथ स्वाहिलीत गाणार होती. सभेच्या आदल्या दिवशी तिला ताप आला. मी तिला गोळी दिली. पेटी पाहुण्यांच्या सामानाखाली गेली होती. काढू उद्या, म्हणालो. पहिल्या दिवशी ती गायली. दुसऱ्या दिवशीही गायली, एका हातानं खांब धरून. लोकांना वाटलं, पवित्र आत्म्यानं भरली आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजत राहिला. मुरुमहून आक्का. रूथनंच त्यांना कळवलं होतं. पाचव्यांदा वाजला तेव्हा मी मंडपाच्या मागं जाऊन उचलला.

"पट्टी बघितलीस का?"

"आक्का, सभा चालू आहे."

"पट्टी बघितलीस का, सुनील?"

"बघतो. प्रार्थना चालू आहे तिच्यासाठी."

"गाडी हाय ना दारात? आत्ता तिला शहरात ने. आत्ता. पाहुने चालत जातील."

मी म्हणालो, "आक्का, आता तुम्ही लीडर नाही."

मग त्या म्हणाल्या, "न्हाय, बाबा. मी कुनी न्हाय. तुझ्या पाया पडते, तिला ने." एवढं ऐकून मी फोन ठेवला. समारोपाच्या दिवशी सकाळी रूथ कुणाला ओळखेना. तेव्हा आम्ही तिला गाडीत घातलं. अर्ध्या वाटेवर, कापसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी अडकली असताना, माझ्या एका सहकारी मुलीच्या मांडीवर ती गेली.

शवपेटी परत जळकोटला आणायला आठ दिवस लागले. तोवर संस्थेनं सगळ्या मंडळ्यांना व्हॉट्सअपवर पत्र पाठवलं होतं. गटाच्या ज्येष्ठ नेत्या कार्यकाळ पूर्ण न करता परतल्या, त्यामुळे तरुणांना वैद्यकीय मार्गदर्शन मिळू शकलं नाही, असं त्यात होतं. पत्राचा मसुदा मला आधी दाखवला होता. मी एक स्पेलिंग दुरुस्त करून परत पाठवला.

दफनाला आक्का आल्या. रूथच्या आईनं त्यांना दारातच अडवलं.

"कशाला आलाव? माझं लेकरू परमुलकात टाकून आलाव ना? हात हातात दिलता तुमच्या!"

सगळी मंडळी बघत होती. आक्कांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी गीतांच्या पुस्तकात पान शोधत होतो.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "टाकून आले." आणि तिथूनच मागं फिरल्या. जळकोटच्या फाट्यावर भर उन्हात एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या त्या मला गाडीतून दिसल्या. मी गाडी थांबवायला सांगितलं नाही.

मुरुमला त्यांचं कठीण झालं. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कुणी बसेना. संडे स्कूल त्यांच्याकडून काढून घेतलं. ज्यांची बाळंतपणं त्यांनी केली होती त्या बायका रस्त्यात भेटल्या की पदर सावरून पुढं जायच्या. मला संस्थेनं विभागाचा प्रमुख केलं.

वर्षभरानं मी त्यांच्याकडं गेलो. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, ते चार पानांचं पत्र माझं होतं.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "बोलावलं तवाच मला दाखवलं त्यांनी. तुझं अक्षर मी वळकीन न्हाय व्हय? पहिलीला मीच गिरवून घेतलंय."

"मग त्या दिवशी जळकोटला बोलला का नाही?"

"तिच्या आईनं लेक पुरायची का आपली भांडनं ऐकायची?" त्यांनी सुपातला एक खडा बाहेर टाकला. "म्या बोलून काय व्हतंय? तू बोल. मला सांगायला आलास, मला काय नवीन? जा जळकोटला."

"आक्का, मला माफ करा."

"त्ये इचारू नको. केलंय का न्हाय, मलाच कळंना."

मी जळकोटला गेलो. रूथच्या आईनं मला खुर्ची दिली, शेजारच्या घरातून दूध आणून चहा केला. "तू तरी शेवटपर्यंत जवळ होतास, बाबा," असं म्हणून तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी चहा प्यालो आणि परत आलो. पुन्हा एकदा गेलो. तेव्हाही चहा प्यालो. आक्का विचारायच्या, "गेलतास?" मी हो म्हणायचो. "बोललास?" यावर मी विषय बदलायचो. नंतर त्यांनी विचारणं सोडलं. मग माझ्याशी बोलणंच सोडलं. मी समोरून आलो की त्या घरात जायच्या.

या उन्हाळ्यात आक्का गेल्या. काही दिवस अंथरुणावर होत्या. जवळ फक्त त्यांची भाची होती. दफनाला वीस-पंचवीस माणसं असतील. पाळकसाहेब बाहेरगावी होते, म्हणून बोलायला मलाच सांगितलं. मी चांगलं बोललो. परदेशातल्या त्यांच्या सेवेविषयी बोललो, विहिरीविषयी बोललो. दोघीतिघींनी डोळे पुसले.

माती टाकताना भाची जवळ आली. हळूच म्हणाली, "दादा, जळकोटच्या त्या बाईंना कळवलं होतं का? शेवटचे चार दिवस आत्या सारखं विचारत होत्या, जळकोटहून कुणी आलं का म्हणून."

फोन करायचं काम माझ्याकडंच होतं. सगळ्यांना केले होते, जळकोटचा नंबर लावला नव्हता.

"कळवलं," मी म्हणालो. "येणार नाही म्हणाल्या."

ती मान हलवून बाजूला झाली. मी वाकलो आणि मुठीत माती घेतली.