शिळं पाणी

पार्किन्सन्सचं निदान झालं तेव्हा डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जे करायचं राहिलंय ते यंदाच करा." दुसऱ्या कुणी निदान लेकीकडे जायचं काढलं असतं. या गृहस्थाने कपाटातून युटातल्या एका कॅन्यनचा, म्हणजे खोल घळीचा, नकाशा काढला. वाळवंटातून वाहणारी एक छोटी नदी. तिच्या पात्रातून पाठीवर ओझं घेऊन आठ दिवस चालायचं आणि ती मोठ्या नदीला मिळते तो संगम गाठायचा. अकरा वर्षं तो नकाशा आमच्या ट्रॉय गावातल्या घरात पडून होता. आधी नोकरी, मग लेकीचं कॉलेज, मग माझे गुडघे. "त्या संगमावर एकदा उभं राहायचंय," एवढंच त्याचं मागणं होतं. मला चालण्याची हौस नाही, पण नाही तरी कोणत्या तोंडाने म्हणणार?

तीन दिवस बरे गेले. दिवसातून तीस-चाळीस वेळा नदी ओलांडायची, बुटांत वाळू, दोन्हीकडे लाल कडे आणि औषधालाही माणूस नाही. मी कुरकुरत होते, तो मजेत होता. हात थरथरायचा त्याचा, पण चालायला माझ्यापुढे शंभर पावलं. चौथ्या दिवशी वर कुठेतरी पाऊस झाला असावा. नदी गढूळ झाली आणि आमचा फिल्टर चिखलाने बसला. मग त्याने घडीच्या बादलीत पाणी घेऊन तुरटी फिरवली. संध्याकाळी वरचं निवळ पाणी त्याने पाच मोठ्या बाटल्यांत भरलं. थरथरत्या हातांनी तासभर लागला, पण मला हात लावू दिला नाही. "पुढचा झरा दीड दिवसावर आहे," तो म्हणाला. "तोवर हेच पाणी."

आता माझी करणी ऐका. सकाळी उठल्याबरोबर कालचं प्यायचं पाणी ओतून ताजं भरायचं, ही माझी जन्माची सवय. आईची होती, आजीची होती. ट्रॉयमध्ये नळाला चोवीस तास पाणी, तरी मी रोज कालचा जग कुंड्यांत रिकामा करते आणि नवरा रोज चिडवतो, "अगं, पाणी काय आंबतं का?"

पाचव्या दिवशी पहाटे मी आधी उठले. डोळ्यांवर झोप होती. एकेक बाटली उघडली आणि वाळूत ओतली. पाचही. रिकाम्या बाटल्या घेऊन नदीवर गेले, तर रात्रीतून नदीची नाचणीची आंबील झालेली.

तो तंबूतून बाहेर आला. मी सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो दगडावर बसला आणि एकेक रिकामी बाटली उलटी करून बघू लागला.

"अरे, पुन्हा तुरटी फिरवू ना," मी म्हणाले.

त्याने खिशातून तुरटी काढून दाखवली. सुपारीएवढा तुकडा उरला होता. गोळ्या घ्यायला त्याच्या उशाशी ठेवलेली सहावी बाटली तेवढी वाचली होती. मागचा झरा एक दिवसावर होता. तिथवर कसंबसं भागलं असतं. तिथून पाणी भरून पुन्हा पुढे निघायचं तर दोन दिवस वाढणार, आणि जेवण काय, त्याच्या गोळ्या काय, सगळं मोजकं आणलेलं.

"परत जाऊ," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी येऊ रे."

"हो," तो म्हणाला. लहान मुलाची समजूत काढावी तसं. पुढचं वर्ष त्याच्या पायांसाठी नाही, हे दोघांनाही माहीत होतं. परतीच्या वाटेवर मी मागे राहून रडत होते. तो एकदाही वळला नाही.

महिन्याभराने एका मित्राकडे पॉटलक होतं, ज्याने त्याने एकेक पदार्थ करून आणायचं जेवण. शिकायला आलेल्या एका मुलीने उत्साहाने विचारलं, "काका, हाइक कम्प्लीट केलीत ना? संगमाचे फोटो दाखवा ना!"

"नाही गं," तो म्हणाला. "मला पार्किन्सन्स आहे. पाय चालेनात, म्हणून परत फिरलो."

तोवर हा आजार त्याने सख्ख्या भावालासुद्धा सांगितला नव्हता. कुणीतरी उठून त्याच्यासाठी पाठीची खुर्ची आणली, आणि तो मुकाट्याने तिच्यावर जाऊन बसला. खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. भित्री आहे मी.

आता दोन वर्षांनी ते पाय खरोखरच चालत नाहीत, आणि लोक अजून मला म्हणतात, बरं झालं वेळीच परत फिरलात.